पोर्टलंडला फुलपाखरं उतरली ते दोन दिवस

समुद्र ओलांडून इंग्लंडला येणारी फुलपाखरं आणि रात्री उडणारे पतंग पाहायला मी दोनदा पोर्टलंडला गेले. पहिल्या खेपेला हात हलवत परत आले. 10 ते 12 मे, दोन रात्रींचा मुक्काम, सगळा मिळून 214 पौंड खर्च, आणि सकाळी दिव्याच्या सापळ्यात पतंग अवघे तीन. तिन्ही तिथलेच, समुद्रापलीकडून आलेला एकही नाही. परतीच्या गाडीत खूप उदास वाटत होतं. जूनमध्ये पुन्हा गेले तेव्हा जे दिसलं ते आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. या दोन खेपांच्या मधे मला काय काय शिकावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कुणाला जायचं असेल तर निदान पहिली खेप तरी वाया जाऊ नये.

पोर्टलंड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये आहे. जेमतेम सहा किमी लांब आणि अडीच किमी रुंद असं चुनखडीच्या दगडाचं बेट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल ज्या दगडात बांधलं, तो इथल्या खाणींतला. चेसिल बीच नावाचा गोट्यांचा एक लांबच लांब बांध बेटाला मुख्य जमिनीशी जोडतो, त्यामुळे बस थेट बेटावर जाते. पण दक्षिणेच्या टोकाला, पोर्टलंड बिलला उभं राहिलं की तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. समोर शंभरेक किमीवर फ्रान्सचा किनारा. इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या जिवाला पाय टेकायला मिळणारी ही पहिली जमीन. म्हणूनच तिथे एका जुन्या दीपगृहात 1961 पासून पक्षी-वेधशाळा आहे, आणि तिच्या बागेत रात्री पतंगांसाठीही दिवे लावतात.

मे महिन्यात माझी चूक झाली ती कॅलेंडर पाहून जाण्याची. ‘मे-जूनमध्ये स्थलांतर होतं’ एवढं वाचलं, सुट्टी होती, आरक्षण केलं. तिथे पोहोचले तर ईशान्येचा बोचरा वारा. त्या वाऱ्यात दक्षिणेकडून कोण येणार? वेधशाळेच्या भिंतीशी एक वयस्कर स्वयंसेवक भेटले. मी निराश होऊन उभी आहे हे त्यांनी पाहिलं असावं. ते म्हणाले, “तारीख ठरवून येऊ नका. वारा ठरवेल तेव्हा या.” परतल्यावर मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मग महिनाभर रोज रात्री हवामानाचे नकाशे पाहायची सवय लावून घेतली. शोधायचं काय, तर युरोपच्या मुख्य भूमीवर जास्त दाबाचा पट्टा आणि पश्चिमेला, बिस्केच्या उपसागराच्या आसपास कमी दाब. या दोहोंच्या मधून स्पेन-फ्रान्सवरची, कधी तर थेट उत्तर आफ्रिकेवरची ऊबदार हवा वर इंग्लंडकडे ओढली जाते, आणि तिच्यासोबत हे किडे. गाड्यांच्या काचांवर तांबूस धूळ बसली की ती सहाराची, हेही तेव्हाच कळलं. पहिल्या आठवड्यात त्या रेषा पाहून मला काहीच उमगत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात बाण कुठून कुठे चाललेत ते वाचता येऊ लागलं. हे जमायला हवामानशास्त्र यावं लागत नाही, रोज पाहत राहावं लागतं.

वारा दोन-तीन दिवस आधी कळतो, पण रजा दोन-तीन दिवसांत मिळत नाही, ही खरी अडचण. आमच्या कार्यालयाच्या रजेच्या अर्जात तारीख भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मी साहेबांना सगळं खरं खरं सांगितलं, नकाशाही दाखवला. जूनमधले कुठलेही दोन दिवस, दोन दिवस आधी कळवून घ्यायचे, अशी तोंडी परवानगी त्यांनी दिली. अर्जात आधी महिन्याच्या शेवटच्या तारखा टाकून ठेवायच्या आणि मग बदलून घ्यायच्या असं ठरलं. हे उत्तर मिळायला आठ दिवस गेले. तुम्हालाही असंच काही करावं लागणार असेल तर एप्रिलपासूनच विषय काढा.

10 जूनच्या रात्री नकाशावर पहिल्यांदा हवं तसं चित्र दिसलं. 11 तारखेला सकाळी तारखा बदलल्या आणि राहण्याची सोय शोधायला लागले. वेधशाळेत साध्या बंक-बेडच्या खोल्या मिळतात, पण तिथे जागा नव्हती. शेवटी बिलच्या अलीकडच्या साउथवेल गावात एका बाईंच्या घरी खोली मिळाली. एका रात्रीचे 68 पौंड. मी फोनवरच विचारून घेतलं, “रात्री तुमच्या बागेत पतंगांसाठी छोटा दिवा लावला तर चालेल का?” त्यांना एवढीच काळजी होती की शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जाऊ नये. माझा 20 वॅटचा निळसर नळीचा दिवा आहे, त्याला एका बाजूने काळं कापड लावीन असं सांगितल्यावर त्या हो म्हणाल्या. हे आधी विचारणं आवश्यक आहे. कुणाच्याही जागेत सापळा लावायचा तर मालकाची परवानगी लागते, आणि पोर्टलंडचा बराचसा भाग संरक्षित असल्याने मोकळ्या कड्यांवर आपल्या मनाने दिवा लावून बसता येत नाही.

12 जूनला दुपारी लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून वेमथची गाडी पकडली. जवळजवळ तीन तासांचा प्रवास, पुढे बस. सामानात सापळा, झाकणाच्या पंधरा पारदर्शक डब्या, जवळचं स्पष्ट दिसणारी दुर्बीण, वही आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. हे ट्रे सापळ्यात उभे-आडवे रचायचे असतात. दिव्याकडे आलेले पतंग त्यांच्या खळग्यांत जाऊन शांत बसतात, एकमेकांवर आपटून पंख झडवून घेत नाहीत.

त्या संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा हवा वेगळीच होती. दमट, कोमट, समुद्राकडून येणारी. मे महिन्यात याच रस्त्यावर मी कानटोपी घालून चालले होते.

13 तारखेची पहाट पाचची. वेधशाळेला आधी मेल करून ठेवला होता, त्यामुळे सापळे उघडताना बाजूला उभं राहू दिलं. पहिला ट्रे उचलला आणि खालून करड्या-तपकिरी पतंगांची रांगच दिसली. प्रत्येकाच्या पुढच्या पंखावर चांदीच्या शाईने काढल्यासारखी, इंग्रजी वाय (Y) अक्षरासारखी एक खूण. त्या खुणेवरूनच नाव पडलं, सिल्व्हर वाय. इंग्लंडचा हिवाळा या जातीला सहसा सोसत नाही. दर वसंतात ती दक्षिणेकडून नव्याने येते. रडारच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला आहे की एका वसंतात 1 कोटी ते 24 कोटी सिल्व्हर वाय ब्रिटनमध्ये येतात. हा आकडा मी आधी वाचला होता, पण समोर त्या ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक पतंग बसलेला पाहिला, तेव्हा कुठे त्याचा अर्थ पोहोचला. हे रात्री समुद्रावरून उडत आले होते आणि आता गाढ झोपेत असल्यासारखे निश्चल होते.

मग मात्र साडेअकरापर्यंत काही नाही. टोकावर धुकं होतं. मी लाल-पांढऱ्या दीपगृहाच्या पायथ्याशी पाठ टेकून बसले आणि मनात मे महिन्याची आठवण घोळत राहिली. पुन्हा तसंच होणार की काय?

धुकं विरलं आणि पाण्यावर ऊन पडलं. त्यानंतर दहा-एक मिनिटांनी लाटांच्या अगदी वर, हातभर उंचीवरून, काहीतरी भिरभिरत येताना दिसलं. आधी वाटलं वाळकं पान. खडकापाशी आलं, खडकाच्या उतारासोबत वर चढलं, माझ्या डाव्या खांद्यावरून गेलं आणि थेट उत्तरेला निघून गेलं. पेंटेड लेडी फुलपाखरू! मागोमाग दुसरं, मग दोन एकदम. मी उभी राहिले. हातातली वही खाली पडली तरी उचलायचं सुचलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ‘हजारो फुलपाखरं आली’ असं वाचलं की डोळ्यांसमोर ढग येतो, आकाश झाकून टाकणारा. मी मे महिन्यात तोच ढग शोधत होते. असा ढग मला दोन दिवसांत एकदाही दिसला नाही. ती एकेकटी येतात, दुकटी येतात, मधे अर्धा मिनिट काहीच नसतं. नुसतं पाहत राहिलात तर ‘बरीच आहेत’ एवढंच वाटेल. किती आहेत हे मोजल्याशिवाय कळतच नाही.

मोजायची रीत सोपी आहे. दोन ठरावीक खुणा निवडायच्या. मी एक दगडी कुंपण आणि एक खांब धरला, मधे साधारण 100 मीटर. पाच मिनिटं घड्याळ लावून त्या रेषेवरून जाणारं प्रत्येक फुलपाखरू मोजायचं आणि दिशा लिहायची. दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. पहिल्या पाच मिनिटांत 9 आली. पाऊण तासाने 21. दीडच्या सुमाराला 46. तीनपर्यंत माझ्या वहीत 338 पेंटेड लेडी होत्या, आणि मोजणीच्या मधल्या दहा-दहा मिनिटांत गेलेली वेगळीच. परत फिरणारं एकही नव्हतं. सगळ्यांची दिशा उत्तर किंवा किंचित वायव्य. वाटेत घर आलं तर ती वळसा घालत नव्हती, भिंतीवरून चढून, छपरावरून पलीकडे उतरून तीच दिशा पुन्हा धरत होती.

ही जात आपल्याकडेही आहे. आफ्रिका ते आर्क्टिकचा कडा आणि परत, असं सुमारे 15,000 किमीचं चक्र ती पुरं करते, पण एकाच आयुष्यात नव्हे. वाटेत सहा पिढ्यांपर्यंत बदलतात. आजीने निघायचं, नातीने पोहोचायचं, पणतीने परतीला लागायचं, आणि रस्ता कुणीच कुणाला दाखवलेला नाही. 2009 साली ब्रिटनमध्ये अशी सुमारे 1 कोटी 10 लाख फुलपाखरं आली होती. शरदात ती जातात कुठे, हे फार वर्षं कोडंच होतं, कारण परत जाताना कुणाला फारशी दिसत नसत. 2012 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात रडारने त्याचं उत्तर दिलं: ती सरासरी 500 मीटरहून उंचावरून दक्षिणेला जातात, माणसाच्या नजरेच्या पलीकडून.

चारच्या सुमारास मी कुंपणाकडेला बसले. तिथे व्हॅलेरियनच्या गुलाबी-लाल फुलांचे झुपके दगडांच्या फटींतून वाढलेले होते. त्यावर एक पेंटेड लेडी उतरली, माझ्यापासून फार तर दोन हातांवर. मी श्वास रोखला. डावा मागचा पंख एका कडेने फाटलेला, खवले झडून नारिंगी रंगाचा फिकट मातकट रंग झालेला. टोकाची काळी-पांढरी नक्षी मात्र अजून ओळखू येत होती. तिने सोंड उलगडली आणि एका फुलाच्या नळीत खोल घातली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. फुलं बदलताना ती सोंड गुंडाळत नव्हती, तशीच पुढे सरकवत होती, इतकी तिला घाई होती. सहा मिनिटं. शेजारच्याच झुपक्यावर एक हमिंगबर्ड हॉक-मॉथ आला, हवेत एकाच जागी थांबून रस पिणारा, पंख धुरासारखे दिसणारे. त्याच्याकडे मान वळवून परत पाहिलं तर फुलपाखरू गेलं होतं. मला रडू आलं. का, ते नीट सांगता येणार नाही.

त्या दिवशी माझी पाण्याची बाटली संपली होती आणि मानेची कातडी भाजली होती. ढगाळ वाटलं तरी टोपी आणि पाणी हवंच. आणि फुलपाखरामागे मान वर करून चालू नका, कड्यांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत.

रात्री दहाला बागेत दिवा लावला. आकाश ढगाळ, चंद्र नाही, वारा मंद. पतंगांसाठी याहून चांगली रात्र नाही. झोप लागेना. बारा वाजता खिडकीतून पाहिलं तर दिव्याभोवती बारीक पिठासारखं काहीतरी उडत होतं.

पहाटे पावणेपाचला खाली गेले. हे पक्ष्यांच्या आधी करावं लागतं, कारण सापळ्याबाहेर गवतावर बसलेले पतंग रॉबिन पक्षी टिपून नेतात. ते पिठासारखं म्हणजे डायमंडबॅक पतंग होते, आपल्याकडे कोबी-फ्लॉवरवर येतो तोच. 2016 च्या मे-जूनमध्ये तो ब्रिटनमध्ये फार मोठ्या संख्येने आला होता. दीडशेपर्यंत मोजले आणि पुढे वहीत ‘अंदाजे 200’ लिहिलं. सिल्व्हर वाय 117. रश व्हिनीअर नावाचे अरुंद, काडीसारखे दिसणारे 31. डार्क स्वोर्ड-ग्रास 4. आणि शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यात एक फिकट पिवळसर-तपकिरी, जाडसर अंगाचा पतंग, पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग.

मार्गदर्शक पुस्तकात पाहिलं: स्केअर्स बॉर्डर्ड स्ट्रॉ. जूनमध्ये क्वचित, शरदात थोडा जास्त दिसणारा पाहुणा. खाली शास्त्रीय नाव होतं, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ते नाव वाचून मी डबी हातात धरून तिथेच बसले. फोटो काढून बाबांना पाठवला आणि फोन लावला. तिकडे भारतात तेव्हा दिवस चांगला वर आला होता.

“बाबा, ओळखा बरं.”

“अगं, यात काय ओळखायचं? हा घाटेअळीचा पतंग. कामगंध सापळ्यात रोज पडायचा की आपल्या शेतात. तिथे कुठे सापडला तुला?”

मी सांगितलं की तो बहुधा समुद्र ओलांडून आलाय. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढासा जीव तो. आम्ही त्याला अळीच्या रूपातच धरलं जन्मभर. उडतो किती, ते कधी पाहिलंच नाही.” हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या या अळीने त्यांचं केलेलं नुकसान मी लहानपणापासून पाहत आले आहे, ते विसरण्यासारखं नाही. पण त्या सकाळी डबीच्या तळाशी तो मिशा अंगाशी दुमडून बसला होता आणि मी तो डबी फिरवून फिरवून सगळ्या बाजूंनी पाहत होते.

सगळ्यांचे फोटो काढून झाल्यावर ट्रे कुंपणाच्या कडेला दाट झुडपात, सावलीत हलवले. एकाच जागी सगळे सोडायचे नाहीत आणि उघड्यावर तर नाहीच, पक्षी टपलेले असतात. 14 तारखेला दुपारपर्यंत आणखी 203 पेंटेड लेडी मोजल्या. तीन वाजता वारा पश्चिमेला फिरला आणि ओघ थांबला, अगदी नळ बंद केल्यासारखा. संध्याकाळच्या गाडीने परत.

आता नोंदींचं. पाहिलं ते पाठवलं नाही तर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून हे टाळू नका. मी आयरेकॉर्ड या संकेतस्थळावर नोंदी भरल्या. प्रत्येक नोंदीला जातीचं नाव, तारीख, जागेचा ग्रिड क्रमांक (नकाशावरच्या चौकोनाचा क्रमांक), संख्या, अळी की प्रौढ, कसं पाहिलं आणि कुणी पाहिलं हे लागतं. ग्रिड क्रमांक जागेवरच लिहून घ्या. मी घरी येऊन नकाशावर शोधत बसले, त्यात एक संध्याकाळ गेली. रात्रीच्या सापळ्याची तारीख दिवा लावला त्या दिवसाची द्यायची असते, उघडला त्या दिवसाची नाही. हे माहीत नसल्याने माझ्या 11 नोंदींची तारीख बदलावी लागली. संख्येचा अंदाज असेल तर तसं स्पष्ट लिहायचं.

16 जूनला 19 नोंदी पाठवल्या. त्या जिल्ह्याचे जाणकार तपासतात, आणि तेही आपला वेळ देऊन, त्यामुळे घाई करू नये. सिल्व्हर वाय आणि पेंटेड लेडी आठवड्याभरात मान्य झाल्या. स्केअर्स बॉर्डर्ड स्ट्रॉवर 2 जुलैला प्रश्न आला: मागच्या पंखाचा फोटो आहे का? होता, पण अस्पष्ट. बॉर्डर्ड स्ट्रॉ नावाचा जवळचा भाऊबंद दिसायला बराच सारखा असतो, म्हणून त्यांची शंका रास्त होती. वरून, बाजूने आणि शक्य असेल तर मागचा पंख दिसेल असा, प्रत्येक अनोळखी पतंगाचे तीन तरी फोटो काढा. मी माझ्याकडचे सगळे सात पाठवले. 29 जुलैला त्या नोंदीपुढे हिरवी खूण आली. तिचं चित्र तेवढं बाबांना पाठवलं.

जूनच्या खेपेचा खर्च: गाडी जाऊन-येऊन 61 पौंड (आदल्या दिवशी तिकीट काढल्याने महाग पडली), खोली 136, बस आणि खाणं 38. एकूण 235. सापळा मी जुना, वापरलेला 70 पौंडांना घेतला होता, तो वेगळा. सापळा नसला तरी अडत नाही. वेधशाळेला आधी कळवून सकाळी तिथे गेलात तर बरंच पाहायला मिळतं, आणि दिवसा येणाऱ्या फुलपाखरांना तर दोन डोळे आणि घड्याळ पुरतं.

सप्टेंबरच्या शेवटासाठी रजेचं बोलून ठेवलं आहे. त्या सुमाराला मोठे हॉक-मॉथ येतात म्हणे, तळहाताएवढे. बाबांचा हल्ली रविवारी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न वाऱ्याचा असतो. काल पश्चिमेचा होता.